श्वास शेजाऱ्याला विचारून

आमच्या खोऱ्यात माणसाची तब्येत टक्क्यांत सांगायची रीत होती. ‘त्याला तीस टक्के डस्ट आहे’, ‘ह्याला पन्नास लागले’, ‘त्याचा बाप तर शंभर टक्के होता, बिचारा’. डस्ट म्हणजे खाणीतली धूळ. तिने फुप्फुसं किती निकामी केली याचा आकडा सरकारी वैद्यकीय मंडळ द्यायचं, त्यावर पेन्शन ठरायची, त्यामुळे घरातल्या शेंबड्या पोरालाही आजोबांचे टक्के पाठ असायचे. दक्षिण वेल्समधल्या ऱ्होन्दा वाख नावाच्या चिंचोळ्या खोऱ्यात मी डॉक्टर म्हणून रुजू झालो तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. मिरजेला शिकलेल्या मला क्षयाची छाती ओळखता यायची. ही छाती नवी होती. पाठीवर स्टेथोस्कोप ठेवावा तर आत हवा जाते आहे की नाही असा संशय यावा. दवाखान्याच्या चार पायऱ्या चढून आलेला माणूस खुर्चीत टेकल्यावर बराच वेळ बोलायचाच नाही, नुसता हात वर करून ‘थांबा, सांगतो’ अशी खूण करायचा.

आणि त्यातले काही जण गावच्या पुरुष गायनसंघात गात होते.

हे कसं जमतं ते पाहायला म्हणून मी एका गुरुवारी गेलो. पाहुणा म्हणून मागच्या बाकावर बसलो, आणि मग त्या बाकावरून मला कुणी उठू दिलं नाही. वेल्समध्ये डॉक्टर, पाव विकणारा आणि खाणीतला फोरमन हे तिघेही शेवटी सेकंड बेसमध्ये, म्हणजे संघातल्या सर्वांत खालच्या आवाजांत, सापडतात.

माझ्यासारखे डॉक्टर त्या खोऱ्यांत का होते, हेही सांगायला हवं. जवळच्याच एका खोऱ्यात, ग्लिनकोरग या खाणीच्या गावात, ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर होते. १९७१ साली त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहून एक नियम मांडला : जिथे आजार जास्त, तिथे चांगली वैद्यकीय सेवा कमी. त्यांच्या नियमातली रिकामी जागा भरायला भारतातून, पाकिस्तानातून, श्रीलंकेतून आम्ही गेलो. इंग्रज डॉक्टरांना पावसाळी डोंगर, काळे ढिगारे आणि खोकणारे पेशंट नको होते. आम्हाला पर्याय नव्हता, आणि खरं सांगायचं तर कऱ्हाड-पाटणकडचा पाऊस बघितलेल्या माणसाला तिथल्या पावसाचं काही वाटत नाही.

पर्यटन खात्याच्या पत्रकात वेल्सला ‘गाण्याचा देश’ म्हणतात आणि ब्लेझर घातलेल्या म्हाताऱ्यांचा फोटो छापतात. तो फोटो पाहून वाटावं की ही परंपरा डोंगरांइतकी जुनी असणार. तशी ती नाही. आपल्या वारीपुढे तर ती कालची पोर आहे. १८५१ साली ऱ्होन्दा खोऱ्यात हजारभर माणसं राहत होती आणि बाकी मेंढ्या. मग खाली वाफेच्या इंजिनांना लागणारा उत्तम कोळसा सापडला. कार्डिफच्या बंदरातून तो जगभरच्या आगबोटींना जाऊ लागला, एडनला, मुंबईला. सत्तर वर्षांत वस्ती एक लाख साठ हजारांवर गेली. आलेले सगळे तरुण पुरुष, गावोगावचे, एकमेकांना अनोळखी. दिवसभर जमिनीखाली अंधारात, शेजारी जो असेल त्याच्या भरवशावर. छत कुरकुरलं तर त्याने आवाज द्यायचा, आपण पळायचं. अशा जोडीदाराला तिथे ‘बटी’ म्हणतात. वर आल्यावर जायला दोनच जागा, चॅपेल म्हणजे प्रार्थनाघर, आणि दारूचा गुत्ता. पुरुष गायनसंघ या दोन्हींमधून जन्मला, आणि दोन्हींचे गुण त्याच्यात अजून आहेत. ट्रेऑर्कीचा सुप्रसिद्ध संघ १८८३ चा. १८९५ मध्ये तो विंडसरच्या राजवाड्यात व्हिक्टोरिया राणीसमोर गाऊन आला. त्याच वर्षी स्वान्सीजवळच्या डनव्हंटचा संघ निघाला, तो आजवर एकदाही बंद पडलेला नाही.

पण चार आवाजांत, चार वेगळ्या ओळी, फारसं न शिकलेले कामगार कसे शिकले? मला या सगळ्या इतिहासात सर्वांत रस वाटतो तो याच प्रश्नात, कारण त्याचं उत्तर मिरजेत राहिलेल्या माणसाला चटकन कळतं. पाच रेघांवर टिंबं मांडायची युरोपची स्वरलिपी शिकायला वेळ लागतो, छापायला पैसा लागतो. नॉर्विचच्या सेरा ग्लोव्हर या शिक्षिकेने एक सोपी पद्धत काढली आणि जॉन कर्वेन या पाद्र्याने ती देशभर पोहोचवली : टॉनिक सोल-फा. त्यात स्वर म्हणजे नुसती अक्षरं. डो, रे, मी. आणि महत्त्वाचं म्हणजे ‘डो’ पक्का नाही, तो हलतो. गाणं ज्या पट्टीत असेल तिथे डो बसवायचा आणि बाकीचे स्वर त्याच्या नात्याने ओळखायचे. म्हणजे आपला षड्जच की! पांढरी चार असो की काळी पाच, सा तो सा. अक्षरं साध्या छापखान्यात जुळवता येत होती, कागद पैशाला मिळत होता, आणि रविवारच्या शाळेत फुकट शिकवत होते. अ‍ॅबरडेरमध्ये इयुआन ग्विल्ट या टोपणनावाच्या पाद्र्याने १८५९ मध्ये सामूहिक भजनगायनाचा मेळा भरवला, त्यानंतर असे मेळे गावोगाव भरू लागले. त्याच अ‍ॅबरडेरचा कारादोग, मूळचा लोहार, १८७२ साली दक्षिण वेल्समधून साडेचारशेहून अधिक गायक-गायिका घेऊन लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या स्पर्धेला गेला. त्या वर्षी समोर प्रतिस्पर्धीच आला नाही. पुढच्या वर्षी आला, आणि हरला. अ‍ॅबरडेरच्या चौकात हातात छडी घेतलेला कारादोग अजून पुतळ्यात उभा आहे. तो संघ स्त्री-पुरुषांचा मिश्र होता, हे पुरुष संघांच्या भाषणांत सहसा कुणी बोलत नाही.

मला संघात घेतलं तेव्हा परीक्षा अशी काही नव्हतीच. संचालकाने पियानोवर एक स्वर दिला, तो मी लावला, मग खाली खाली जायला सांगितलं, आणि मी जिथे थांबलो तिथे ते म्हणाले, ‘मागे, उजवीकडे, भिंतीजवळ.’ ही सेकंड बेसची जागा. पुढे डावीकडे फर्स्ट टेनर, म्हणजे सगळ्यांत उंच आवाज, त्यांच्या शेजारी जरा खालचे सेकंड टेनर, मग त्याहून खालचे बॅरिटोन. नव्या माणसाला नेहमी जुन्याच्या शेजारी बसवतात. माझ्या शेजारी होता तो माझाच पेशंट, चाळीस टक्के.

भजनात वाढलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो चाल न मिळण्याचा. आमच्याकडे एकादशीला विठ्ठलाच्या देवळात बुवा चाल लावायचे, मागे टाळकरी ध्रुपद धरायचे, आणि सगळे, अगदी दारातला नारळवाला धरून, तीच चाल म्हणायचे. इथे चाल टेनरकडे. बेसच्या ओळीत काय असतं? एकच स्वर चार मात्रा, मग त्याच्या खालचा दोन मात्रा, मग पुन्हा पहिला. मी घरी स्वयंपाकघरात सराव करायचो तेव्हा बायको म्हणायची, “अहो, हे गाणं आहे की जप?” पहिले काही महिने मलाही तोच प्रश्न होता. मग एका गुरुवारी चारही ओळी पहिल्यांदा एकत्र आल्या आणि माझ्या त्या जपावर कुणीतरी घर बांधलेलं ऐकू आलं. त्यानंतर मला टेनरांचा हेवा वाटला नाही. म्हणजे फार वाटला नाही.

दुसरी गोष्ट, बुवा नाहीत. संचालक असतो, पण तो गात नाही. गाणाऱ्यांत कुणाचाही आवाज वेगळा ओळखू आला तर तो दोष. आमचे संचालक खूप चांगल्या आवाजाच्या एका बॅरिटोनला दर आठवड्याला सांगत, “तुझा आवाज मला आवडतो, म्हणूनच तो मला ऐकू यायला नको.” तो बिचारा एकदा रागावून शेजारच्या गावच्या संघात गेला. तिथेही त्याला तेच सांगितलं. परत आला.

आता त्या श्वासाबद्दल. सलग सोळा मात्रांचा एक मंद स्वर एका दमात धरणं धडधाकट माणसालाही जड जातं, मग चाळीस टक्क्यांचा कुठून धरणार? पण संघाला तो एका माणसाने धरायला नकोच असतो. युक्ती अशी की वाक्य संपतं तिथे श्वास घ्यायचा नाही, कारण तिथे सगळेच घेतील आणि खड्डा पडेल. शब्दाच्या मधेच, स्वर लांबत असताना, हळूच तोंड मिटायचं, घ्यायचा, आणि आवाज न वाढवता परत शिरायचं. शेजारी घेत असेल तेव्हा आपण घ्यायचा नाही. माझ्या शेजाऱ्याने मला हे शिकवलं ते कोपराने. त्याला दम लागायच्या आधी तो माझ्या बरगडीत हलकेच कोपर टेकवायचा : मी बाहेर चाललो, तू सांभाळ. तो परत आला की मी जायचो. त्याच्या पलीकडे दुसरा, त्याच्या पलीकडे तिसरा. सगळी मागची रांग अशी आळीपाळीने मरत-जगत असायची, आणि समोर बसलेल्या बायकोला वाटायचं की हा डोंगर एका श्वासात गातो आहे. सकाळी दवाखान्यात ज्या छातीला मी ‘आणखी घ्या, आणखी’ म्हणून थकायचो, तीच रात्री माझ्याशी हिशोब ठरवून चालायची.

डॉक्टर म्हणून एक खुलासा करून टाकतो, नाहीतर कुणीतरी हा परिच्छेद व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवेल. गाण्याने डस्ट बरी होत नाही. डाग पडलेलं फुप्फुस पुन्हा मऊ होत नाही. कार्डिफजवळच्या लँडॉकच्या इस्पितळात १९४५ पासून या रोगावर संशोधन करणारं खास केंद्र होतं, त्याच केंद्रातल्या आर्ची कॉक्रन या डॉक्टरांनी १९५० नंतर आमच्या खोऱ्यातल्या माणसांचे घरोघर मागे लागून एक्स-रे काढले. पुराव्यावर आधारलेल्या वैद्यकाचा आज सगळीकडे जो जप चालतो त्याची एक मुळी त्या एक्स-रेच्या गाडीत आहे. त्यांपैकी कुणालाही औषध सापडलं नाही. गाणाऱ्याला उरलेला श्वास वापरायची शिस्त लागते, धाप लागल्यावर घाबरणं कमी होतं. एवढंच, आणि ते कमी नाही.

सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मात्र समजू नका. हे संघ स्पर्धेवर पोसले गेले. आइस्तेदवोद म्हणजे गाणं आणि कविता यांच्या स्पर्धांचा वेल्श मेळा. तिथे पुरुष संघांचा सामना फुटबॉलसारखा चालायचा. पैजा लागायच्या, परीक्षकाच्या निकालावर आरडाओरडा व्हायचा, दुसऱ्याचे टेनर फोडले जायचे. आपल्याकडे कोकणात डबलबारी भजनाच्या रात्री दोन बुवांच्या माणसांमध्ये जी खुन्नस असते, तिला इथली मंडळी लगेच ओळखतील. स्पर्धेचे तुकडे तरी कसले? फ्रेंच संगीतकार लॉराँ द रिये याचं रोमन आखाड्यात सिंहांपुढे टाकलेल्या हुतात्म्यांवरचं नाट्यमय समूहगान या लोकांचं फार लाडकं. दिवसा कोळसा फोडायचा आणि रात्री सिंहांच्या डरकाळ्यांपुढे प्राण द्यायचे. याच्या अगदी उलट बाजूला वेल्श संगीतकार जोसेफ पॅरीची ‘मफान्वी’, नाकारल्या गेलेल्या प्रियकराचं गाणं. पॅरी मर्थिर गावचा, नऊ वर्षांचा असताना कामाला लागलेला. इतके रांगडे लोक इतक्या हळू आवाजात गातात तेव्हा सभागृहात कुणी खोकत नाही. आमच्याकडे तर खोकणारेच मंचावर असायचे.

वेल्श मला येत नाही. पण ती जशी लिहितात तशी बोलतात, त्यामुळे मी सगळी गाणी देवनागरीत उतरवून पाठ केली. कागद हातात घेऊन गायचं नाही हा नियम आहे. माझी ती वही एकदा ग्रंथपालाच्या हाती लागली. संघाचा ग्रंथपाल म्हणजे कपाटभर जुन्या स्वरलिपींचा कडक राखणदार. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि संघाच्या मालमत्तेवर गुप्त लिपीत टिपणं केल्याची तक्रार कार्यकारिणीकडे दिली. तक्रार इतिवृत्तात नोंदली गेली. पुढे काही झालं नाही. ‘नोंद घेण्यात आली’ हा कार्यकारिणीचा आवडता ठराव आहे.

वाईट दिवस आले की हे संघ कमी होण्याऐवजी वाढतात, हे मला फार उशिरा लक्षात आलेलं एक सत्य. आमच्याच खोऱ्यातला पेन्डिरस संघ १९२४ मध्ये निघाला तेव्हा गाणाऱ्यांत बेकारच जास्त होते. काम नाही, पैसा नाही, संध्याकाळ मात्र रोज येते. अ‍ॅबरव्हॅनला २१ ऑक्टोबर १९६६ रोजी खाणीच्या राडारोड्याचा डोंगर शाळेवर घसरला. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. त्यानंतर तिथल्या पुरुषांनी एकत्र जमायला सुरुवात केली आणि त्यातून इनिसोवेन संघ उभा राहिला. बोलण्यासारखं कुणाकडे काही उरलं नसेल तेव्हा दुसऱ्याने लिहून ठेवलेले शब्द, ठरलेल्या वेळी, शेजाऱ्याबरोबर म्हणायचे. मानसोपचाराची भाषा मी पुढे शिकलो. ती यापेक्षा लांबलचक आहे.

१९५७ ची एक गोष्ट मला खोऱ्यात आल्याबरोबर ऐकवली गेली, आणि नंतर इतक्या वेळा की मी तिथे होतो असं मलाच वाटू लागलं. पॉल रोबसन, अमेरिकेचा काळा गायक, खाण कामगारांचा जुना मित्र. अमेरिकन सरकारने १९५० मध्ये त्याचा पासपोर्ट काढून घेतला होता. कामगारांनी पोर्थकॉलला आपला आइस्तेदवोद भरवला आणि त्याला न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बसवून अटलांटिकखालच्या टेलिफोनच्या तारेतून गायला लावलं. तो तिकडून गायला, ट्रेऑर्कीचा संघ इकडून. पुढच्या वर्षी पासपोर्ट मिळाल्यावर तो प्रत्यक्ष आला. सेकंड बेसवाले ही गोष्ट सांगताना मुद्दाम म्हणतात, की तारेतून सगळ्यात स्वच्छ पोचला तो खालचा आवाज. तांत्रिकदृष्ट्या मला शंका आहे, पण मी बोललेलो नाही.

मग १९८४ चा खाण कामगारांचा संप. वर्षभर पगार नाही. खोऱ्याच्या डोक्यावरच्या मार्डी गावच्या खाणीत शेवटपर्यंत एकही माणूस संप फोडून आत गेला नाही, आणि मार्च १९८५ मध्ये हरलेले सगळे बॅंडच्या मागून, झेंडा धरून, चालत कामावर परतले. त्या वर्षात खोऱ्यांतल्या संघांनी मदतनिधीसाठी गावोगाव कार्यक्रम केले. आमच्या कार्यक्रमांनंतर टोपी फिरायची. गिरणगावातला संप नुकताच तसाच विरला होता, त्याच्या बातम्या मला घरच्या पत्रांतून कळायच्या. दोन्हीकडच्या बायकांनी तेव्हा काय केलं त्यावर खरं तर निराळं लिहायला हवं. १९९० च्या डिसेंबरात मार्डीची खाण बंद झाली. ऱ्होन्दातली ती शेवटची. आता खोऱ्यात कोळसा काढणारा एकही माणूस नाही आणि कोळशाची गाणी म्हणणारे मात्र आहेत, याला काही जण ढोंग म्हणतात. मला तसं वाटत नाही. शेतात न जाणारेही पुंडलिकवरदा म्हणतातच.

कार्यक्रम संपल्यावर जवळच्या क्लबात किंवा पबात पुन्हा गाणं होतं, त्याला ‘आफ्टरग्लो’ म्हणतात. इथे संचालक नसतो, ओळी चुकतात, आणि गाणं मंचावरच्यापेक्षा बरं होतं. चॅपेलची मंडळी संत्र्याचा रस घेतात, बाकीचे बिअर. मी दोन्ही गटांत बसलो आहे. बायका चहा-सॅंडविचची व्यवस्था करतात आणि पियानोवर बहुधा एक बाई असते, जी चौघा संचालकांना पुरून उरलेली असते. संघ ‘पुरुषांचा’ आहे असं म्हणताना या बाईकडे पाहून म्हणावं.

आता वय वाढलं आहे. माझं तर वाढलंच, पण संघाचंही. टक्के सांगणारी पिढी जवळजवळ संपली. आमचा मुख्य कार्यक्रम गेली काही वर्षं स्मशानातला आहे असं विनोदाने म्हणतात आणि लगेच कुणीतरी दुसरा विषय काढतो. बऱ्याच संघांनी शेजारच्या संघात विलीन होणं पत्करलं. सोल-फा वाचणारे आमच्यात बोटांवर मोजण्याइतके उरले. गंमत अशी की वेल्श मिशनऱ्यांनी ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिझोरमला नेली, आणि तिथे ती अजून धडधाकट आहे; मिझो भजनांची पुस्तकं आजही सोल-फात छापतात. आता मिझोरमचे धर्मोपदेशक उलट वेल्समधल्या चॅपेलांत येऊन काम करतात. कपाटातले आमचे पिवळे कागद वाचून दाखवायला कधीतरी त्यांच्यापैकी कुणालातरी बोलवावं असा प्रस्ताव मी मांडला आहे. नोंद घेण्यात आली.

गेल्या वार्षिक सभेत ब्लेझरचा विषय निघाला. सोनेरी बटणांचा, खिशावर बिल्ला लावलेला तो कोट घालायला तिशीतली पोरं तयार नाहीत, आणि तिशीतली पोरं नसतील तर फर्स्ट टेनर कुठून आणायचे? काळा साधा शर्ट पुरे, असा ठराव आला. मी शर्टाच्या बाजूने बोललो. मला तो कोट काखेत काचतो. फार कडाक्याचं भांडण झालं. १९८४ मध्ये एकमेकांना भाकरी देणारी दोन माणसं एकमेकांना नको ते बोलली. ठराव थोडक्या मतांनी मंजूर झाला आणि बॅरिटोनमधल्या सर्वांत जुन्या सभासदाने तिथल्या तिथे राजीनामा लिहून अध्यक्षांच्या हातात ठेवला.

पुढच्या गुरुवारी सात वाजायच्या आत तो आपल्या खुर्चीवर होता. ब्लेझर घालून. सरावाला ब्लेझर कुणीच घालत नाही. अध्यक्षांनी राजीनाम्याचं काय करायचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, “तो सभेपुरता होता,” आणि शेजाऱ्याला जरा सरकायला सांगितलं.